थर्मामीटर थांबतो तेव्हा: बर्फ, पाणी आणि वाफ घरच्या घरी मोजण्याची रीत

स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्था शाळेतल्या कुठल्याही मुलाला पाठ असतात. बर्फ वितळला की पाणी आणि पाणी उकळलं की वाफ, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण बर्फाचं पाणी होत असताना थर्मामीटर कित्येक मिनिटं एकाच रेघेवर उभा राहतो, खाली आच चालू असूनही हलत नाही, हे फार थोड्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. माझ्या मते अवस्थांतर समजणं म्हणजे हे थांबणं समजणं. ते एकदा हाताने करून पाहिलं की अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता), उत्कलनांक (उकळण्याचं तापमान), संप्लवन (स्थायूचं थेट वायू होणं) हे शब्द घोकावे लागत नाहीत.

पुढचे प्रयोग घरी किंवा शाळेत, साध्या साहित्यावर करता येतात. आच आणि उकळतं पाणी आहे, तेव्हा मोठं माणूस शेजारी हवंच.

आधी थर्मामीटर तपासा

उणे १० ते ११० अंश सेल्सिअस मोजणारा प्रयोगशाळेचा थर्मामीटर शालेय साहित्याच्या दुकानात मिळतो. लाल द्रवाचा घ्या. पाऱ्याचा फुटला तर घरात पारा सांडतो आणि तो नीट गोळा करणं अवघड असतं. स्वयंपाकघरातला, टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटरही चालेल. तापाचा थर्मामीटर मात्र उपयोगाचा नाही, कारण त्याची धाव साधारण ३५ ते ४२ अंशांपुरती असते. याशिवाय एक-एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, थर्मोकोलचे दोन-तीन पेले आणि वही एवढं जवळ ठेवा.

पेलाभर बर्फ बारीक कुटा, तो जेमतेम भिजेल इतकंच थंड पाणी घाला, ढवळा आणि थर्मामीटर दोन मिनिटं त्यात धरा. आकडा ० यायला हवा. १ किंवा उणे १ आला तर थर्मामीटर फेकू नका. तेवढी चूक वहीत लिहा आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून ती वजा करा. या मिश्रणावर एवढा भरवसा का ठेवायचा, ते पुढच्याच प्रयोगात दिसेल.

पहिला प्रयोग: बर्फ तापवताना घड्याळ आणि थर्मामीटर

हा प्रयोग घाईने उरकू नका, सबंध तासभर हाताशी ठेवा.

१. जाड बुडाच्या लहान पातेल्यात २०० ग्रॅम कुटलेला बर्फ घ्या. अख्खे खडे नकोत, कारण त्यांच्यात थर्मामीटरचं टोक नीट बुडत नाही.

२. पातेलं शेगडीच्या सगळ्यात लहान बर्नरवर, सगळ्यात मंद आचेवर ठेवा. इंडक्शन असेल तर सगळ्यात कमी वॅट निवडा, फक्त ते मध्येमध्ये आपोआप बंद-चालू होत नाही ना हे बघा. आच शेवटपर्यंत बदलायची नाही. या प्रयोगाचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

३. लाकडी चमच्याने सतत ढवळत राहा. थर्मामीटर ढवळायला वापरू नका आणि त्याचं टोक बुडाला टेकू देऊ नका.

४. दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. एकाने ढवळायचं, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं, अशी विभागणी केली तर मुलं अजिबात कंटाळत नाहीत.

५. बर्फाचा शेवटचा कण कधी गेला आणि पाणी खळखळून कधी उकळू लागलं, या दोन वेळांवर खूण करा. उकळी आल्यावर पाच मिनिटं वाचन चालू ठेवा आणि मग आच बंद करा.

आता आडवी वेळ आणि उभं तापमान घेऊन आलेख काढा. फ्रीजरमधून काढलेला बर्फ शून्याखाली असतो, म्हणून रेघ आधी थोडी चढेल. मग शून्यापाशी सपाट होईल. बर्फ संपला की तिरकी वर जाईल आणि उकळी आल्यावर पुन्हा सपाट होईल. त्या दोन सपाट तुकड्यांतही आच तेवढीच चालू होती. मग ती उष्णता गेली कुठे?

बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना ठरावीक जागी धरून असतात. शून्य अंशापर्यंत दिलेल्या उष्णतेने त्यांची थरथर वाढते आणि ती वाढ थर्मामीटरला कळते. शून्यावर पोचल्यानंतर येणारी उष्णता ती पकड सोडवण्यात खर्च होते. रेणूंचा सरासरी वेग वाढत नाही, म्हणून तापमानही वाढत नाही. एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशावरच पाणी करायला सुमारे ८० कॅलरी लागतात, आणि एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला फक्त एक. (आहारातली कॅलरी याच्या हजारपट असते, तिची इथे गल्लत नको.) म्हणजे बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

आलेखात हे ताडून पाहा. वितळायला आठ मिनिटं लागली असतील, तर त्यानंतर उकळीपर्यंत साधारण दहा लागायला हवीत. प्रत्यक्षात जरा जास्तच लागतील, कारण तापलेलं पातेलं आजूबाजूच्या हवेला उष्णता देत राहतं आणि थंड पातेलं देत नाही. हा फरक दिसला तर आनंद माना, तुमची मोजणी प्रामाणिक आहे.

सपाट भाग नीट आलाच नाही, तर बहुधा ढवळण्यात कसूर झाली असेल. बर्फ वर तरंगतो, बुडाशी पाणी तापत जातं, आणि थर्मामीटर त्या खालच्या पाण्याचं तापमान सांगतो.

हे सगळं पहिल्यांदा नीट मोजलं ते शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या दशकात, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये. त्यांच्याकडे स्थिर आच देणारी शेगडी नव्हती, म्हणून त्यांनी मोठ्या खोलीतली हवाच आच म्हणून वापरली. दोन सारखी काचपात्रं घेतली, एकात बर्फ आणि दुसऱ्यात गोठायला आलेलं पाणी. पाणी ४० अंश फॅरेनहाइटपर्यंत तापायला अर्धा तास लागला, बर्फाला त्याच तापमानाला पोचायला साडेदहा तास. एवढ्या साध्या साधनांवर त्यांनी काढलेला आकडा आजच्या ८० कॅलरींच्या अगदी जवळ जातो. घड्याळ आणि थर्मामीटर यांच्यापलीकडे त्यांनी काहीच वापरलं नव्हतं, हे मुलांना आवर्जून सांगावं.

दुसरा प्रयोग: ८० हा आकडा स्वतः काढा

पुस्तकातला आकडा स्वतःच्या हाताने काढता येतो, तेव्हा मुलाचा विज्ञानाकडे बघण्याचा डोळा बदलतो. मला स्वतःला या लेखातला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो.

थर्मोकोलचे दोन पेले एकात एक घाला. त्यात ५० अंशांचं २०० ग्रॅम पाणी घ्या. ५० ग्रॅम बर्फ थोडा वेळ बाहेर ठेवून ओलसर होऊ द्या, म्हणजे तो शून्यावर आलेला असेल. मग सुती कापडाने तो भरभर टिपा आणि पाण्यात टाका. ढवळत राहा. बर्फ पूर्ण वितळल्याक्षणी तापमान वाचा.

५० ग्रॅम बर्फाऐवजी शून्य अंशाचं ५० ग्रॅम पाणी ओतलं असतं, तर मिश्रण ४० अंशांवर थांबलं असतं. बर्फाने मात्र ते २४ च्या आसपास येतं. हे सोळा अंश बर्फ वितळवण्यात गेले.

हिशेब असा: कोमट पाण्याने दिलेली उष्णता २०० × (५० − २४), म्हणजे ५२०० कॅलरी. वितळून झालेलं ५० ग्रॅम पाणी शून्यावरून २४ वर न्यायला १२०० लागल्या. उरलेल्या ४००० कॅलरींनी ५० ग्रॅम बर्फ वितळवला. ४००० भागिले ५०, उत्तर ८०.

तुमचं उत्तर ७० किंवा ९० आलं तर कारण शोधा. बर्फ नीट टिपला नसेल तर ५० ग्रॅममध्ये चार-पाच ग्रॅम आधीच वितळलेलं पाणी असतं. ते पाण्याला कमी गार करतं आणि उत्तर लहान येतं. फ्रीजरमधून थेट उणे १८ अंशांचा बर्फ टाकला तर मिश्रण २२ च्या जवळ जातं आणि उत्तर मोठं येतं. शंका असेल तर शेवटी पेला पुन्हा वजन करा: मूळ पाण्यापेक्षा जेवढं वजन वाढलं, तेवढाच बर्फ खरा.

उकळी आणि वाफ

उकळीच्या वेळी थर्मामीटर नेमका १०० वर थांबला नाही, तर लगेच त्याला खोटा ठरवू नका. उत्कलनांक हवेच्या दाबावर अवलंबून असतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटर उंचीला उत्कलनांक एका अंशाने उतरतो. मुंबईत समुद्रसपाटीला १००, पुण्यात सुमारे ९८, महाबळेश्वरला ९५-९६ आणि लेहला ८८ च्या आसपास. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच. कुकर याच्या उलट करतो: आत दाब वाढवून पाण्याला १२० अंशांजवळ नेतो.

दाबाचा हा खेळ सिरिंजमध्ये दिसतो. पाणी आधी दोन-तीन मिनिटं उकळून त्यातली विरघळलेली हवा जाऊ द्या, मग ७० अंशांवर येऊ द्या. सुई नसलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पाव भाग पाणी ओढा, उरलेली हवा बाहेर काढा आणि तोंड खोडरबरात घट्ट दाबून बंद करा. बोटाने बंद करू नका, भाजेल. आता दट्ट्या जोराने मागे ओढा. ७० अंशांचं पाणी तुमच्या हातात उकळू लागतं. दट्ट्या सोडला की बुडबुडे नाहीसे होतात. ते हवेचे असते तर मागे उरले असते. ही पडताळणी करून दाखवल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला असं मी मानत नाही.

पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता मोजायची असेल, तर आच पुन्हा स्थिर ठेवा. ५०० ग्रॅम पाणी ३० अंशांवरून ८० वर जायला किती वेळ लागला ते पाहा. समजा पाच मिनिटं लागली. म्हणजे २५,००० कॅलरी पाच मिनिटांत, मिनिटाला ५०००. उकळी आल्यावर दहा मिनिटं उकळू द्या, आच बंद करा आणि पातेल्यासकट वजन किती घटलं ते मोजा. दहा मिनिटांत ५०,००० कॅलरी दिल्या, त्यांना घटलेल्या ग्रॅमांनी भागा. खरा आकडा ग्रॅममागे ५४० कॅलरी आहे. तुमचा ६०० च्या पुढे जाईल, कारण उकळतं पातेलं बरीच उष्णता हवेला देत असतं. तरीही बर्फाच्या ८० शी तुलना केली की पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून पूर्ण सुटायला किती जास्त किंमत पडते ते कळतं.

पातेल्यावर दिसणारा पांढरा धूर ही वाफ नव्हे, हे इथेच दाखवा. किटलीच्या तोंडापाशी एक-दीड सेंटिमीटर जागा मोकळी दिसते. खरी वाफ तिथे आहे, आणि ती अदृश्य असते. पुढे हवेत गार होऊन तिचे बारीक थेंब झाले की ते पांढरे दिसतात.

वाफ परत पाणी होताना हेच ५४० परत देते. उकडीचे मोदक पाण्याला न शिवता शिजतात ते त्यावर. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल जातो तोही त्यामुळेच, म्हणून कुकरचं झाकण उघडताना तोंड मागे ठेवायचं. ब्लॅक यांच्याच काळात ग्लासगोत उपकरणं दुरुस्त करणारा तरुण जेम्स वॅट याला आढळलं होतं, की थोडीशी वाफ स्वतःच्या सुमारे सहापट पाणी उकळीला आणते. ब्लॅक यांनी त्याला कारण सांगितलं. वाफेच्या इंजिनात वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायची कल्पना वॅटला १७६५ मध्ये सुचली.

उकळी न येता वाफ: माठ

पाणी कुठल्याही तापमानाला पृष्ठभागावरून उडत असतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठाचं गणित सोपं आहे: दहा लिटर पाण्याच्या माठातून झिरपून १०० ग्रॅम पाणी उडालं, तर उरलेलं पाणी पाच-सहा अंशांनी गार होऊ शकतं. पण हवा कोरडी हवी. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा, वाऱ्यावर धरा आणि कोरड्या थर्मामीटरशी तुलना करा. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असताना फरक पंधरा अंशांच्या पुढे जाऊ शकतो. रत्नागिरीच्या दमट हवेत तो चार-पाच अंशांवर अडतो. म्हणून विदर्भात कूलर घर गार करतो आणि कोकणात तोच कूलर नुसता ओलावा वाढवतो. हे दोन आकडे दोन गावच्या मुलांनी एकमेकांना कळवावेत, फार छान धडा होतो.

मीठ आणि बर्फ

आईस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये बर्फावर खडे मीठ का टाकतात, ते आता सांगता येईल. तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग मीठ वजनाने घ्या, मिसळा आणि थर्मामीटर घाला. मिठाच्या पाण्याचा गोठणांक शून्याखाली असतो, त्यामुळे शून्य अंशाचा बर्फ त्यात टिकू शकत नाही, वितळू लागतो. वितळायला लागणारे ग्रॅममागे ८० त्याला बाहेरून कुणी देत नाही, म्हणून ते मिश्रणातूनच ओढले जातात आणि सगळंच गार होत जातं. प्रयोगशाळेत हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जातं. घरी उणे १२ ते १५ मिळालं तरी भरपूर झालं. तुमचा थर्मामीटर उणे १० लाच संपत असेल, तर द्रव शेवटच्या रेघेखाली गेला एवढंच लिहा.

मधोमध स्टीलच्या बंद डब्यात गोड आटवलेलं दूध ठेवून डबा गोल फिरवत राहा. दर पाच मिनिटांनी काठावरचा गोठलेला थर खरवडून आत मिसळा. डबा उघड्या हाताने धरू नका, कातडी चिकटते. हातमोजा किंवा जाड फडकं घ्या.

इथे दुधाचं तापमान मोजलंत तर शुद्ध पाण्यासारखी सपाट रेघ मिळत नाही. पाणी गोठत जातं तशी उरलेल्या द्रवात साखर दाट होते आणि गोठणांक आणखी उतरतो. थंडीत न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली अशीच वागते: साधारण २४-२५ अंशांखाली ती पांढरी होऊ लागते, पण एकदम नाही, कारण तेलात वेगवेगळे घटक आहेत. मेणबत्तीचं मेणही तसंच. ठाम द्रवणांक शुद्ध पदार्थालाच असतो, आणि म्हणूनच रसायनशाळेत पदार्थ शुद्ध आहे का हे बघायला आधी त्याचा द्रवणांक काढतात.

संप्लवन: कापूर, ज्योतीशिवाय

कापराची वडी उघडी ठेवली की ती आकसत जाते आणि ओल कुठेच दिसत नाही. हे स्थायूतून थेट वायूत जाणं. शाळांमध्ये कापूर बशीत ठेवून खाली ज्योत लावतात, ते मला पसंत नाही. कापराची वाफ सहज पेट घेते. शिवाय कापूर खरंच न वितळता उडाला की नाही, हे त्या पद्धतीत कळतही नाही.

त्याऐवजी असं करा. स्टीलच्या कोरड्या, लहान डब्यात दोन-तीन वड्या चुरून घाला आणि झाकण लावा. सगळ्या शेगड्या आणि समया बंद असलेल्या खोलीत, किटलीत तापवलेलं पाणी रुंद पातेल्यात ओता आणि डबा त्यात अर्धा बुडेल असा उभा करा. झाकणावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ ठेवा. वीस मिनिटांनी डबा बाहेर काढा, गार होऊ द्या आणि खिडकीपाशी उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरे, चमकणारे स्फटिक जमलेले दिसतील.

पुरावा मुलांकडूनच काढून घ्या. कापराचा द्रवणांक १७५ अंशांच्या वर आहे. भोवतीचं पाणी १०० च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे कापूर वितळणं शक्यच नव्हतं, तरी तो बुडापासून झाकणापर्यंत पोचला. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, तेव्हा उरलेला चुरा लगेच उचलून ठेवा. डांबराच्या गोळ्या या प्रयोगाला वापरू नका, त्यांची वाफ हुंगणं बरं नाही.

संप्लवनाचं उदाहरण म्हणून नवसागरही (अमोनियम क्लोराइड) दाखवला जातो. तापवल्यावर तो दिसेनासा होतो आणि वर गार काचेवर पांढरा थर धरतो, हे खरं. पण मधल्या टप्प्यात तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो, आणि गार झाल्यावर ते दोघं पुन्हा जुळून नवसागर बनतो. म्हणजे तिथे रासायनिक बदल होतो, नुसतं अवस्थांतर नव्हे. हे दोन्ही वायू घशाला झोंबतात, तेव्हा शाळेत तो प्रयोग करायचाच असेल तर थोड्या पदार्थावर आणि उघड्या खिडकीशी करावा. आणि दोन्ही वायू वेगवेगळे बाहेर पडतात हे दाखवायला परीक्षानळीच्या तोंडात काचतंतूचा सैल बोळा बसवून त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या लिटमसचा (आम्लाने लाल आणि अल्कलीने निळा होणाऱ्या कागदाचा) एकेक तुकडा ठेवावा: अमोनिया हलका असल्याने आधी पार जातो आणि बाहेरचा लाल लिटमस निळा करतो, आतल्या बाजूचा निळा तुकडा मागे राहिलेल्या आम्लवायूने लाल होतो.